बाराव्या खेळाडूबद्दल एक दुरुस्ती

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘संगणक क्षेत्रातील संधी’. मी हो म्हटलं. मग लक्षात आलं, की समोर बसलेल्या निम्म्या लोकांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत आणि उरलेल्या निम्म्यांना आता संधी नको, जेवणानंतरची झोप हवी आहे. म्हणून मी विषय बदलून घेतला. आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. त्यातही दुखापती आणि राखीव खेळाडू यांच्यावर.

मागच्या रांगेत हसू फुटलं आहे. बरोबरच आहे. पी.टी.च्या तासाला जिचं हमखास पोट दुखायचं ती मीच. पण या विषयावर शाळेचं आणि दोन वर्गमित्रांचं माझ्याकडे जुनं देणं आहे. ते दोघंही आज इथे आहेत. दोघांची परवानगी घेऊन बोलते आहे. नावं घेणार नाही. तुम्ही ओळखालच.

सन 1996. आपण दहावीत. तेव्हा गोंदिया जिल्हा झालेला नव्हता, तो 1999 च्या महाराष्ट्र दिनाला झाला. आपला जिल्हा भंडारा, त्यामुळे शाळेची मोठी स्पर्धा म्हणजे भंडाऱ्याला. त्या पावसाळ्यात आपल्या मुलांचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच तिथपर्यंत पोचला होता. संघ म्हणजे काय, अकरा जण आणि वर दोन. तेराच्या वर एस.टी.च्या तिकिटाचे पैसे नव्हते. चेंडू एकच होता. सरावाला अकरा विरुद्ध दोन असा खेळ होत नाही, म्हणून ते अकरा जण आपसांत खेळायचे आणि उरलेले दोघं बांधीत गेलेला चेंडू काढून आणायचे. गुडघाभर चिखलातून.

संघाचा सगळा जीव नऊ नंबरवर होता. बहुतेक गोल त्याचेच. भंडाऱ्याच्या आधीच्या सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला. चार दिवस हळद-चुन्याचा लेप आणि वर पट्टी. त्याला चालता येत होतं, म्हणून तो खेळला. नाहीतर खेळवणार कोणाला? विसाव्या मिनिटाला तो पडला आणि त्याला उचलून बाहेर न्यावं लागलं. मग बारावा आत गेला. आयुष्यातला त्याचा तो पहिला पूर्ण मैदानावरचा सामना. शेवटच्या दहा मिनिटांत त्याने गोलकीपरकडे चेंडू मागे टाकला, तो मध्येच थांबला आणि समोरच्यांनी गोल केला. आपण एक-शून्यने हरलो.

सोमवारी शाळेच्या भित्तिपत्रकावर त्या सामन्याचा वृत्तांत लागला. मथळा होता, ‘एका चुकीने केला घात’. खाली लिहिलं होतं, की अकरा जणांच्या दोन महिन्यांच्या मेहनतीवर एकाने पाणी फिरवलं. तो वृत्तांत कोणी लिहिला होता हे तुम्हाला आठवत असेल. माझं अक्षर चांगलं होतं. निबंधात पहिली यायचे. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे दहावी होईपर्यंत त्या मुलाला वर्गात ‘घात’ म्हणत होते.

आता जे कोणाला माहीत नाही ते सांगते. तो सामना मी पाहिलाच नव्हता. मुलींना भंडाऱ्याला नेलं नव्हतं. परत आलेल्या दोघातिघांनी सांगितलं, त्यावर मी लिहिलं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला एका शब्दाने विचारलं नाही.

ही गोष्ट मी पंचवीस-सव्वीस वर्षं विसरले होते. ती आठवली नवी मुंबईत, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, 6 नोव्हेंबर 2023 ला.

माझी मुलगी पुण्यात फुटबॉल खेळते. बचावात, उजव्या बाजूला. तिच्या हट्टापायी मी तिला डी. वाय. पाटील स्टेडियमवर घेऊन गेले. मुंबई सिटीचा सौदी अरेबियाच्या अल-हिलालशी सामना होता, आशियाई चॅम्पियन्स लीगचा. ऑगस्टमध्ये दोन्ही संघ एका गटात आले, तेव्हा देशभर एकच बोलणं होतं, नेमार येणार! ब्राझीलचा नेमार नुकताच अल-हिलालकडे गेला होता आणि तो भारतात खेळणार होता. पण ऑक्टोबरच्या मध्यात, आपल्या देशासाठी उरुग्वेविरुद्ध खेळताना, त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. जवळजवळ वर्षभर तो मैदानाबाहेर गेला.

माझी मुलगी रडवेली झाली होती. मी तिला म्हटलं, चल, नेमार नाही म्हणजे निदान आपण जिंकू तरी. आपण दोन-शून्यने हरलो. त्याआधी रियाधमध्ये सहा-शून्यने हरलो होतो, तेव्हाही नेमार नव्हता. पुढचं तर आणखी नवल. त्याच हंगामात अल-हिलालने सगळ्या स्पर्धा मिळून लागोपाठ 34 सामने जिंकले, हा जागतिक विक्रम ठरला. सौदी लीगच्या 34 सामन्यांत ते एकही हरले नाहीत, 31 जिंकले आणि 3 बरोबरीत सोडवले. संघातला सगळ्यात मोठा खेळाडू घरी बसलेला असताना.

परतीच्या वाटेवर, एक्स्प्रेसवेवर, मुलीने विचारलं, “आई, सगळ्यात चांगला खेळाडू गेल्यावर टीम वाईट व्हायला हवी ना?” आणि मला एकदम आपला नऊ नंबर आठवला. पाठोपाठ बारावा. आणि ते भित्तिपत्रक.

त्यानंतर मी या विषयावर वाचत सुटले. माझा धंदाच असा, की एखादी गोष्ट का कोसळली हे शोधल्याशिवाय झोप लागत नाही. जे सापडलं ते थोडक्यात सांगते.

पहिली गोष्ट. दुखापत हा अपघात नाही, तो हिशोब आहे. युरोपच्या मोठ्या क्लबांमधल्या दुखापतींची नोंद 2001 पासून ठेवली जाते. यान एकस्ट्रांड नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी हे काम सुरू केलं. त्यांचा निष्कर्ष असा, की 25 खेळाडूंच्या संघाने एका हंगामात सुमारे 50 दुखापती धरूनच चालावं. माणशी दोन. सरावापेक्षा सामन्यात दुखापतीचा धोका सहा-सात पट. आणि हे कुठे? जिथे प्रत्येक संघाबरोबर डॉक्टर आहेत आणि मैदानाला गालिच्यासारखी हिरवळ आहे तिथे. आपल्या मैदानाचं तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट, साधा गुणाकार. समजा प्रत्येक खेळाडू दहापैकी नऊ सामन्यांना तंदुरुस्त असतो. ऐकायला छान वाटतं. पण तुमचे ठरलेले अकराच्या अकरा एकाच दिवशी तंदुरुस्त असण्याची शक्यता किती? शून्य पूर्णांक नऊ, अकरा वेळा गुणा. पाटील सर, अशी पाठीमागून मान हलवू नका, मी कॅल्क्युलेटरवर केलंय. उत्तर येतं 31 टक्के. म्हणजे 22 सामन्यांच्या हंगामात जेमतेम सात वेळा तुमचा ‘खरा’ संघ उतरतो. उरलेले पंधरा सामने राखीव खेळाडूंना घेऊनच खेळायचे असतात. आपण ज्याला राखीव म्हणतो तो हंगामाचा मोठा भाग असतो.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकावर ऐंशी टक्के भार. सगळं सुरळीत. एक बंद पडला. त्याचा भार उरलेल्या दोघांवर. आता प्रत्येकावर एकशेवीस टक्के. थोड्या वेळात दुसरा बसतो, मग तिसरा. पहिला बिघाड बारीक होता, बाकीचे दोन वाटणीच्या अभावाने गेले. संघाचं असंच होतं. एक जण जखमी झाला की दुसऱ्याला विश्रांती मिळत नाही, तो थकतो, मग त्याचा स्नायू जातो. नाहीतर जखमी माणूसच पट्टी बांधून परत येतो. एकदा दुखावलेला सांधा किंवा स्नायू पुन्हा दुखावण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, हेही त्याच मंडळींनी मोजलं आहे. आपल्या नऊ नंबरची गोष्ट ही इथली. तो त्या दिवशी शूर होता म्हणून खेळला असं आपण समजत आलो. शूर तो होताच. पण तो खेळला कारण त्याच्या जागी तयार माणूस नव्हता. तो गुडघा पुन्हा कधी सरळ झाला नाही. आजही जमिनीवर पंगत बसली की तो खुर्ची मागतो. मघाशी तुम्ही सगळे त्याला “म्हातारा झालास बे” म्हणून हसलात. त्याला म्हातारपण पंधराव्या वर्षीच दिलं गेलं.

चौथी गोष्ट, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. यादीत नाव आहे म्हणजे राखीव खेळाडू आहे असं नाही. एका नोकरीत आमच्याकडे आणीबाणीसाठी एक जोडसर्व्हर होता. कागदावर. दोन वर्षं तो कोणी चालवूनच पाहिला नव्हता. ज्या रात्री मुख्य सर्व्हर बंद पडला, त्या रात्री हा सुरूच होईना. पहाटे चारपर्यंत मी जागी. दोष त्या बिचाऱ्या यंत्राचा नव्हता. त्याला कामाची सवय न लावणाऱ्या आम्हा सगळ्यांचा होता.

फुटबॉलमध्ये हे फार आधी कळलेलं आहे. 1962 च्या विश्वचषकात दुसऱ्याच सामन्यात पेले जखमी झाला. तेव्हा सामन्यात खेळाडू बदलताच येत नसे. विश्वचषकात ती सोय 1970 मध्ये आली. म्हणून पेले तसाच लंगडत मैदानात राहिला. पुढच्या सामन्यापासून त्याच्या जागी अमारिल्दो आला. त्याने स्पेनविरुद्ध दोन गोल केले, अंतिम सामन्यात एक, आणि ब्राझीलने विश्वचषक नेला. अमारिल्दो चेंडू आणायला ठेवलेला मुलगा नव्हता, तो तयार खेळाडू होता. आज एका सामन्यात पाच खेळाडू बदलता येतात. करोनाच्या काळात तात्पुरती आलेली ही सोय 2022 मध्ये कायमची झाली. म्हणजे जवळपास अर्धा संघ सामना चालू असताना बदलतो. बाकावर कोण बसलंय यावर निकाल ठरतो.

आणि आपली मुंबई? त्या 2023-24 च्या हंगामात मुंबई सिटीवर काय काय आलं पाहा. आशियाई स्पर्धेत सहाच्या सहा सामने हरले. हंगाम मध्यावर असताना प्रशिक्षक इंग्लंडच्या क्लबकडे निघून गेले. डिसेंबरमध्ये मोहन बागानविरुद्ध मुंबई दोन-एकने जिंकली खरी, पण त्या सामन्यात सात लाल कार्डं निघाली आणि त्यातली चार मुंबईची. दुखापत नाही, पण परिणाम तोच. चार जण एकदम बाहेर. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा मोलाचा खेळाडू क्लब सोडून गेला. एप्रिलमध्ये लीगच्या शेवटच्या दिवशी मोहन बागानकडून हरून पहिला नंबर गेला, 48 विरुद्ध 47. एका गुणाने.

तीन आठवड्यांनी, 4 मे 2024 ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर तेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर. मध्यंतराला मुंबई एक गोल मागे. दुसऱ्या अर्ध्यात पेरेरा डियाझने बरोबरी साधली. मग बिपिन सिंगने गोल केला आणि अगदी शेवटी याकुब वोय्टुसने. मुंबई तीन-एक. हे शेवटचे दोघंही बाकावरून उठून आलेले. बिपिन तोच, ज्याने 2021 च्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला मुंबईला जिंकून दिलं होतं. अशा माणसाने तीन वर्षांनी बाकावर बसायचं, रुसायचं नाही, आणि बोलावलं की वीसेक मिनिटांत काम करून दाखवायचं. टीव्हीसमोर माझी मुलगी नाचत होती. मी, खरं सांगते, बाकाकडे बघत होते.

कोणी म्हणेल, हे पैशाचे खेळ आहेत. अल-हिलालकडे तेलाचा पैसा, मुंबईमागे तेव्हा मोठी परदेशी कंपनी होती. आपल्याकडे तेराव्याच्या पुढे तिकिटाचे पैसे नव्हते. मान्य. पण आपल्या बाराव्याला सरावात अर्धा तास खेळवायला काय खर्च होता? एका अकरामधून एकाला बाहेर बसवायचं आणि त्याला आत घ्यायचं. पैसे नव्हते हे खरं, पण ते आपल्याला सुचलंच नाही हेही खरं. आणि सुचायला हवं होतं, कारण आपण धानाच्या मुलखातली माणसं. रोवणी झाली की आपले आई-बाबा उरलेले पऱ्हे फेकून देतात का? बांधीच्या एका कोपऱ्यात, पाण्यात, नीट ठेवतात. आठ-पंधरा दिवसांनी जिथे रोप मेलं तिथे नांगे भरायला. तेच बियाणं, तेच वय, तेच पाणी. ते उपटून धुऱ्यावर वाळत टाकलं आणि पंधरा दिवसांनी लावलं, तर जगेल का? आपण बाराव्याला धुऱ्यावर ठेवलं होतं.

या मेळाव्यासाठी आपला ग्रुप झाला, तेव्हा मी त्याला फोन केला. माझी जीभ उचलत नव्हती. तोच म्हणाला, “बोल ना माय, काहून गप्प आहेस?” मी विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “तुले माहीत आहे का, हे मला आजवर कोणीच विचारलं नाही.” मग सांगितलं. गोलसमोर पाण्याचं डबकं होतं. सकाळपासून खेळलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं. तो बाकावर होता, त्याला कोणी सांगितलं नाही. त्याने मारलेला चेंडू बरोबर होता. तो डबक्यात थांबला.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, तीही मी विचारल्यावर. त्या गोलच्या आधी समोरच्यांचे दोन हल्ले त्याने एकट्याने अडवले होते. माझ्या वृत्तांतात ते नव्हतं.

म्हणून आज, त्याच शाळेत, माझ्या त्याच चांगल्या अक्षरात मी ही दुरुस्ती लिहून आणली आहे. वाचते, आणि ती स्मरणिकेत छापावी अशी संपादकांना विनंती करते.

‘दुरुस्ती. 1996 च्या पावसाळ्यात शाळेच्या भित्तिपत्रकावर लागलेला फुटबॉल सामन्याचा वृत्तांत चुकीचा होता. लिहिणारीने सामना पाहिला नव्हता. आपला संघ एका चुकीने हरला नाही. तो हरला, कारण जखमी खेळाडूला विश्रांती देता आली नाही आणि त्याच्या जागी येणाऱ्याला दोन महिन्यांत एकदाही खेळवलं नव्हतं. त्या खेळाडूने सत्तर मिनिटं मैदानात कष्ट घेतले. त्याच्या नावावर घात लिहिला गेला, त्याबद्दल लिहिणारी त्याची माफी मागते.’

(टाळ्या थांबल्यावर) टाळ्या मला नकोत. त्याला द्या. उभा राहा रे. राहा ना.

आता एकच मागणं, मग जेवायला सोडते. शाळेला काय भेट द्यायची यावर आपल्या ग्रुपवर पंधरा दिवस चर्चा चालू आहे. कमान, घड्याळ, पाण्याची टाकी. चांगलंच आहे सगळं. माझी सूचना वेगळी आहे. मुलांच्या आणि मुलींच्याही, मुलींच्याही म्हणते, प्रत्येक संघाला पंचवीस गणवेश आणि सहा चेंडू देऊ या. दुखापत झाली तर नीट तपासणी आणि उपचार होईपर्यंत मूल मैदानात उतरणार नाही, त्याचा खर्च आपल्या निधीतून. बाहेरगावी जाताना राखीव खेळाडूंचं तिकीट आपलं. आणि एक अट. आठवड्यातून एक सामना असा व्हावा, ज्यात बाकावरचे आधी खेळतील आणि ठरलेले अकरा जण चेंडू आणतील. पहिले पाच हजार रुपये माझे, ते सरांकडे देऊन ठेवले आहेत.

आणि संघाचा फोटो काढाल तेव्हा सगळ्यांना घ्या. ऑफिसात लावलेला 1996 चा तो फोटो मी सकाळी पाहून आले. ट्रॉफी नाही, तरी फोटो आहे. त्यात सर आहेत आणि अकरा जण आहेत. कडेला जमिनीवर पिशव्यांचा ढीग दिसतो. त्या पिशव्या सांभाळायला दोघं जण फोटोच्या बाहेर उभे होते.

मघाशी फोटोग्राफरला सांगून ठेवलंय. जेवणानंतर मैदानावर तो फोटो पुन्हा काढायचा आहे. तेरा जणांचा. नऊ नंबरसाठी खुर्ची ठेवली आहे. पिशव्या मी धरते.